चांदीवरचं नाव

आषाढात तुकोबांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून हडपसरला येते. ज्ञानोबांची पालखी तिथून दिवेघाटाची वाट धरते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने मांजरी फार्मवरून पुढे लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी मांजरीतली माणसं सकाळची कामं उरकून हमरस्त्यावर येऊन उभी राहतात. आधी नगाऱ्याचा आवाज, मग दिंड्या, मग बैलजोडी आणि तिच्यामागे चांदीने मढवलेला रथ. प्रस्थानाआधी रथाला आणि पालखीला उजाळा दिलेला असतो, त्यामुळे ढगाळ हवेतही पत्र्यावरची उठावाची नक्षी लांबून ओळखू येते. पादुकांवर डोकं ठेवायला मिळालं नाही तर लोक रथाच्या चांदीला हात लावतात आणि तोच हात कपाळाला लावतात.

हजारो हात त्या नक्षीवरून फिरतात. ती ज्याच्या हातोडीतून उतरली, त्याचं नाव मात्र रस्त्यावरच्या गर्दीत कुणाला माहीत नसतं.

मांजरीच्या घराघरातल्या चांदीचीही हीच गत आहे. उसाचं आणि भाजीपाल्याचं हे गाव. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच. २०२१ च्या जूनअखेर मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, पण देवघर तेच राहिलं. ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, बारशाला आलेली वाटी-चमचा, तान्ह्या बाळाचे वाळे, लग्नातली जोडवी, आजीच्या पेटीतले जड तोडे. धनत्रयोदशीला यात एखाद्या नाण्याची नाहीतर लक्ष्मीच्या मूर्तीची भर पडते. कुठली वस्तू कुणाच्या लग्नात कुणी दिली, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. दुकानाचं नावही आठवतं. घडवणाऱ्याचं नाव कुणी विचारलेलं नसतं आणि दुकानदारानेही सांगितलेलं नसतं.

हे असंच असतं, असं मानायचं कारण नाही. जगात दुसरीकडे चांदीच्या कारागिराचं नाव त्याच्या वस्तूवर शेकडो वर्षं ठोकलं गेलं आहे. खुद्द पुण्यातही एकेकाळी ते ठोकलं जात होतं.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचं उदाहरण घ्यावं. तिथे पॉल रिव्हिअर नावाचा रौप्यकार होऊन गेला, जन्म १७३४ चा, मृत्यू १८१८ चा. अमेरिकन शाळकरी मुलांना तो घोडेस्वार म्हणून माहीत असतो, कारण १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज निघाल्याची वर्दी द्यायला तो घोड्यावरून दौडला आणि पुढे लाँगफेलोच्या कवितेने त्याला अजरामर केलं. पण त्याचं पोट चांदीवर चालत होतं. चहादाण्या, पेले, चमचे, बक्कलं तो घडवायचा. हात रिकामा असला की तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा, लोकांचे दातही बसवून द्यायचा. त्याच्या दुकानाच्या हिशेबाच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. त्याने १७६८ साली घडवलेला एक मोठा वाडगा बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहातल्या ९२ सदस्यांनी इंग्रज राजाचा हुकूम झुगारला, त्यांच्या गौरवासाठी तो बनला. बनवून घेणाऱ्या पंधरा जणांची नावं काठावर कोरलेली आहेत. आणि रिव्हिअरने स्वतःचा छापही त्यावर उमटवला आहे.

हा छाप हौसेचा नव्हता. इंग्लंडमध्ये १३०० सालापासून चांदीची तपासणी करून सरकारमान्य शिक्का मारायची पद्धत होती. अमेरिकेत तशी तपासणी कचेरीच नव्हती. गिऱ्हाईक आपल्याकडची नाणी पिशवीत घालून आणायचं, ती मुशीत वितळायची आणि त्यांचाच पेला व्हायचा. चांदीत तांबं किती मिसळलं, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. मग भरवसा ठेवायचा कशावर? घडवणाऱ्याच्या नावावर. पेल्याच्या बुडाशी ठोकलेलं आडनाव ही त्या माणसाची जामीनकी होती. खोट निघाली तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

अशीच नावाची किंमत पीटर बेंझन या माणसाच्या बाबतीत आणखी ठळक दिसते. कॅरिबियन बेटांवर १७८३ च्या सुमारास जन्मलेला, आफ्रिकी वंशाचा हा कारागीर फिलाडेल्फियात धंदा शिकला आणि पुढे तिथे आणि सेंट क्रॉइ बेटावर त्याने दुकान चालवलं. त्याच्या मोजक्याच वस्तू आज ठाऊक आहेत. पण त्यांवर त्याचं नाव आहे, म्हणून तो इतिहासात आहे. त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक रौप्यशाळांत गुलाम माणसं भट्टी फुंकत होती, पत्रा ठोकत होती. त्यांच्या हातच्या वस्तूंवर मालकाचा छाप बसला आणि ती माणसं कायमची नाहीशी झाली.

पुढे कारखाने आले. प्रॉव्हिडन्स शहरात १८३१ मध्ये सुरू झालेल्या गोरहॅम कंपनीने वाफेची यंत्रं आणि मोठी दाबयंत्रं आणली. न्यूयॉर्कच्या टिफनीने १८५१ मध्ये आणि गोरहॅमने १८६८ मध्ये स्टर्लिंगचं माप स्वीकारलं, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबं. निव्वळ चांदी मऊ असते. चमचा वाकतो, पेल्याला पोचे पडतात. एवढं तांबं मिसळलं की धातू कणखर होतो आणि रंगही मारला जात नाही. १९०६ च्या कायद्याने ‘स्टर्लिंग’ हा शब्द खोटा छापायला बंदी आली. १९६१ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शुद्धतेचा छाप मारायचा असेल तर शेजारी बनवणाऱ्याचं किंवा जबाबदारी घेणाऱ्याचं नोंदणीकृत चिन्हही हवंच, असं ठरलं. माणसाचं आडनाव जाऊन कंपनीचं चिन्ह आलं, हे खरं. तरी वस्तू कुठून आली, हे विचारायचा हक्क शिल्लक राहिला.

बाल्टिमोर हे एकच शहर जरा वेगळं निघालं. तिथे १८१४ ते १८३० या काळात सरकारी तपासणी होती आणि तिचं माप होतं बारा भागांत अकरा भाग चांदी. मराठी वाचकाला हे माप ओळखीचं वाटायला हवं, कारण १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने पाडलेल्या रुपयातही चांदी अगदी तेवढीच होती. रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारात अकरा भाग चांदी, एक भाग इतर धातू.

महाराष्ट्रातल्या खेड्यात चांदीचा धंदा या रुपयावर उभा होता. पायात सोनं घालायचं नाही, सोनं म्हणजे लक्ष्मी, ही समजूत घरोघर. म्हणून पायातलं सगळं चांदीचं. सुगी बरी झाली की शेतकरी रुपये घेऊन सोनाराकडे जायचा, रुपये त्याच्यासमोर मुशीत पडायचे आणि त्यांचे तोडे, वाळे, साखळ्या व्हायच्या. रुपयातली चांदी किती हे सगळ्यांना ठाऊक, वजन ठाऊक, त्यामुळे फसवणुकीला वाव कमी. बॉस्टनच्या गिऱ्हाइकाने नाण्यांची पिशवी रौप्यकारासमोर ठेवणं आणि हवेली तालुक्यातल्या शेतकऱ्याने कनवटीचे रुपये सोनारासमोर ठेवणं हे एकच होतं. फरक पुढे पडायचा. आपल्या सोनाराने तोड्यावर नाव ठोकलं नाही. गाव लहान, सोनार पिढीजात, त्याला ओळखायला छापाची गरज वाटली नसावी.

घरातली चांदी ही अडीअडचणीची पुंजी होती. दुष्काळ पडला की बाईच्या पायातले तोडे उतरायचे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधले मोडीत निघालेले दागिने मोठ्या प्रमाणात मुंबईच्या टांकसाळीत येऊन वितळले. त्या वेळी एक व्यवस्था होती. कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडी घडणावळ भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणून तोड्याची किंमत जवळपास त्यातल्या रुपयांएवढीच राहायची.

ती व्यवस्था मोडायला जी कारणं झाली, त्यातलं एक अमेरिकेतून आलं. नेवाडा प्रांतात १८५९ मध्ये कॉमस्टॉकची चांदीची खाण सापडली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथून चांदीचे डोंगर बाहेर पडले. त्याच सुमारास जर्मनीने आणि खुद्द अमेरिकेने चलनातून चांदीला बाजूला सारून सोन्याची कास धरली. चांदीचा भाव घसरत गेला. दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाजवळ आला. इंग्लंडला दरवर्षी पाठवायच्या रकमेचा बोजा हिंदुस्थान सरकारला झेपेना. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळींचे दरवाजे लोकांच्या चांदीला बंद केले.

हा निर्णय लंडन आणि कलकत्त्याच्या कचेऱ्यांत झाला. त्याचा मार बसला तो पायातल्या तोड्यांना. रुपयाचा भाव कृत्रिमपणे वर राहिला आणि नुसत्या चांदीचा भाव खाली जात राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पुणे, सोलापूर, नगरकडच्या बायांनी तोडे उतरवून बाजारात नेले, तेव्हा ज्या रुपयांचे ते झाले होते तेवढे रुपये आता त्यांचे येईनात. सावकाराने ठकवलं म्हणावं तर भाव खरोखरच पडलेला. एका पिढीने जिवापाड जपलेली पुंजी पाच-सहा वर्षांत हलकी झाली आणि का झाली हे त्या बाईला सांगणारं कुणी नव्हतं. चांदीच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या हौद्यांबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. या तोड्यांबद्दल जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही.

अमेरिकन चांदीचा आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात लोक कागदी नोटा घेऊन खजिन्यासमोर रांगा लावू लागले, त्यांना चांदीचा रुपया हवा होता आणि सरकारकडे चांदी नव्हती. अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला. आपल्या तिजोरीतले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली, मुख्यतः हिंदुस्थानच्या रुपयासाठी. वीस कोटी औंस, म्हणजे सहा हजार टनांहून अधिक चांदी. त्या काळातले पाचव्या जॉर्जचे रुपये पुढे किती पैंजणांत आणि वाळ्यांत गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण एखाद्या जुन्या तोड्यात नेवाडाच्या खाणीचा अंश असणं अगदी शक्य आहे.

आता पुण्याकडे वळायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत देशी घडणीच्या चांदीच्या चहादाण्या ठेवायची चाल पडली होती. मद्रासची पी. ऑर अँड सन्स ही पेढी देवादिकांच्या आकृत्यांचं काम करत होती. भूजचा उमरसी मावजी वेलबुट्टीच्या बारीक नक्षीसाठी नावाजला गेला आणि त्याच्या वस्तूंवर ‘ओ. एम. भूज’ असा छाप असे. जॉर्ज बर्डवूडने १८८० मध्ये हिंदुस्थानातल्या कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि देशी नक्षीकाम विलायती नमुन्यांच्या नकलेपायी बिघडू देऊ नका, असा आग्रह जन्मभर धरला. हा बर्डवूड १८३२ मध्ये बेळगावात जन्मलेला.

पुण्यात या काळात हिराप्पा बुचन्ना नावाचा रौप्यकार होता. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव ‘हीरप्पा बूचेना’ असं लिहिलेलं असे आणि त्याखाली ‘पूना’. नावाचं वळण तेलुगू-कानडी. पुण्याच्या पेठांतल्या कित्येक कारागीर घराण्यांसारखं हेही दक्षिणेकडून आलेलं असावं. त्याच्या चहाच्या संचांवर विष्णू, शिव, गणपती, देवी अशा आकृत्या पत्र्यातून ठसठशीत वर उठलेल्या असतात, देवळाच्या भिंतीवर दिसतात तशा कमानींच्या चौकटींत. काही भांड्यांच्या मुठी नागाच्या आकाराच्या. आज या वस्तू परदेशी लिलावांत ‘पूना सिल्व्हर’ म्हणून विकल्या जातात आणि संग्रहालयं त्या काचेच्या कपाटात ठेवतात. बुडाशी नाव आहे म्हणूनच त्या पुण्याच्या आणि त्याच्या ठरतात. त्याच्या शेजारच्या दुकानात बसून तितक्याच ताकदीचं काम करणारे दुसरे कुणी असतील, तर त्यांचं काम आज ‘हिंदुस्थानी, कारागीर अज्ञात’ या एका ओळीत जमा आहे.

हे उठावाचं काम कसं होतं, ते पाहण्याजोगं आहे. चांदीचा पत्रा आधी तावतात, म्हणजे मंद लाल होईपर्यंत तापवून निववतात. त्याने तो मऊ होतो. राळ, विटेची पूड आणि थोडं तेल एकत्र उकळून थर तयार असतो. तो कोमट असताना पत्रा त्यावर चिकटवायचा. राळ अशी हवी की ठोक्याखाली दबली पाहिजे पण सरकता कामा नये. उन्हाळ्यात ती पातळ पडते, थंडीत तडकते, म्हणून तेलाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. मग बोथट ठशांनी पत्र्याच्या मागच्या बाजूने ठोकत आकृतीचं पोट, खांदे, गुडघे वर काढायचे. थोडं ठोकलं की चांदी अंगानेच कडक होते. तेव्हा पत्रा सोडवायचा, राळ जाळून काढायची, पुन्हा तावायचा आणि या वेळी उलटा बसवायचा. आता पुढच्या बाजूने बारीक छिन्नीने डोळे, बोटं, दागिन्यांच्या कडा. चहादाणीसारखं बंद भांडं असेल तर राळ आत ओतून गच्च भरतात, बाहेरून काम करतात आणि काम झालं की तापवून ती ओतून काढतात. एका चहादाणीवर दहा-बारा आकृत्या म्हणजे पत्रा किती वेळा भट्टीत गेला असेल, याचा अंदाज करावा. एक जरी ठोका जादा पडला तर पत्रा फाटतो आणि डाक लावून सांधलेली जागा जाणत्याला दिसतेच.

बाल्टिमोरच्या सॅम्युअल कर्क या रौप्यकारानेही १८२० च्या दशकापासून याच पद्धतीने भांड्यांवर फुलं-पानं उठवली आणि त्या शहराच्या नावानेच ती घडण ओळखली जाऊ लागली. पुण्याच्या घडणीलाही शहराचं नाव मिळालं. फक्त ते परदेशात मिळालं. पुण्यात तांबट आळीचं नाव शाळकरी पोरालाही माहीत आहे. ‘पूना सिल्व्हर’ म्हणजे काय, हे पुण्यात किती जणांना सांगता येईल?

महाराष्ट्रात आज चांदीचं नाव घ्यायचं तर ते अनेक ठिकाणी घेता येतं. पूजेच्या भांड्यांसाठी नाशिक, शुद्ध चांदीच्या लौकिकासाठी बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव. पण घरोघर चांदी घडते ती हुपरीत. कोल्हापूरजवळ, हातकणंगले तालुक्यात हे गाव आहे. एका बाजूला ऊस आणि साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला गल्लोगल्ली पैंजण. शेजारच्या रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूडपासून सीमेपलीकडच्या मांगूरपर्यंतच्या मराठी गावांत हा धंदा पसरलेला आहे. लोक हुपरीला चांदीनगरी म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

इथलं पैंजण एका माणसाच्या हातून होत नाही. एक जण मुशीत चांदी आटवतो आणि कांबी ओततो. दुसऱ्याकडे त्या कांबीची तार होते. एकाहून एक बारीक भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढत ओढत हवी तेवढी बारीक करतात. तिसरीकडे तारेच्या कड्या पडतात. या कड्या घरोघरी जातात आणि तिथे बाया त्या एकात एक गुंफतात. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर, उजेडाच्या बाजूला तोंड करून, चिमट्याने कडी उघडायची, शेजारच्या कडीत अडकवायची, मिटायची. टीव्ही चालू असतो, पोरं अभ्यास करत असतात, बोटं थांबत नाहीत. गुंफलेल्या पट्ट्या परत कारखान्यात जातात. टाकणखार लावून डाकाने सांधे जोडतात, घुंगरू बसवतात, छिलाई होते, मीना भरतात, तेजाबात धुऊन उजळतात. पेटीत बसलेलं पैंजण सात-आठ घरांचा उंबरठा ओलांडून आलेलं असतं.

मजुरी बहुतेक वजनावर. सध्याच्या काळात हीच मोठी अडचण झाली आहे. चांदीचा भाव किलोला लाखाचा टप्पा ओलांडून गेला आणि गिऱ्हाईक हलकं पैंजण मागू लागलं. हलक्या पैंजणात कड्या कमी नसतात, उलट बारीक असतात. डोळ्यांना त्रास जास्त, वेळ तितकाच, वजन निम्मं. म्हणजे भाव चढल्यावर व्यापाऱ्याच्या गुंतवणुकीची जोखीम वाढते, आणि कडी गुंफणाऱ्या बाईची कमाई त्याच वेळी घटते. सेलम, आग्रा, राजकोट इथली यंत्रावरची साखळी बाजारात आहेच. तिच्याशी भावात झुंजायचं म्हटलं की काटछाट पहिल्यांदा मजुरीत होते.

आणि दुसरी काटछाट होते ती टंचात. टंच म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती. पैंजण साठ-सत्तर टंचाचंही मिळतं, ऐंशीचंही मिळतं आणि ९२.५ चंही. कमी टंचाचं पैंजण बनवणं हा गुन्हा नव्हे. ते कडक राहतं, स्वस्त पडतं, रोज घालायला बरं. फसवणूक सुरू होते ती साठ टंचाचा माल जास्त टंचाचा म्हणून विकला जातो तेव्हा. ती कळते दहा-पंधरा वर्षांनी, मोडीला गेल्यावर. तोवर विकणारा कोण, घडवणारा कोण, काही उरलेलं नसतं. बदनामी मात्र साऱ्या हुपरीच्या माथी बसते, प्रामाणिक कारागिराच्याही.

मोडीला गेलेली चांदी जिथे जाते तिथेही मराठी माणूस बसलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्यातले माण, खटाव हे दुष्काळी तालुके. पाऊस थोडा, पाटाचं पाणी पूर्वी नव्हतं. विट्याच्या परिसरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे जुनी चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्याला बाहेर पडली. केरळ, तमिळनाडूपासून बंगाल, दिल्लीपर्यंत, जिथे सराफ बाजार आहे तिथे एखाद्या बोळात गलाईवाल्याचं मराठी दुकान असतं. जुनी चांदी नत्राम्लात विरघळवायची. चांदी पाण्यासारखी दिसेनाशी होते. मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की तांबं विरघळत जातं आणि चांदी करड्या चुऱ्याच्या रूपाने खाली बसते. तो चुरा धुऊन, वाळवून मुशीत आटवला की शुद्ध लगड. विरघळवताना उठणारा तांबूस धूर छातीला घातक असतो. अरुंद खोलीत, धुराडं नसलेल्या जागी बसून ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, त्यांच्या आरोग्याची किंमत चांदीच्या भावात कुठेच धरलेली नाही. या माणसांनी गावाकडे घरं बांधली, देवळं बांधली, शाळांना देणग्या दिल्या. देशभरातली चांदी शुद्ध करणाऱ्या या हातांचंही नाव लगडीवर नसतं.

सरकारकडून हॉलमार्कची सोय २००५ पासून चांदीला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात सुधारणा झाली. हॉलमार्क केलेल्या चांदीच्या प्रत्येक वस्तूवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, आला. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की वस्तूची शुद्धता आणि तपासणी केंद्राची माहिती दिसते. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला अजून ऐच्छिक. सगळ्यात खालची मान्य प्रत ८०० ची, म्हणजे ऐंशी टंच. साठ-सत्तर टंचाचं पैंजण या चौकटीत बसतच नाही, आणि बाजारात ते तर भरपूर आहे.

हॉलमार्क ही चांगली गोष्ट आहे आणि ती वाढायला हवी. पण तिने एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं, चांदी किती. घडवली कुणी, हा प्रश्न तसाच राहतो. त्या क्रमांकामागे सराफ आहे, तपासणी केंद्र आहे. कारागीर नाही. हुपरीची कडी गुंफणारी बाई नाही, राळेवर वाकून रथाचा पत्रा उठवणारा माणूस नाही. नाव नसलं की चांगल्या हाताला जादा दाम मागता येत नाही, कारण तो हात कुणाचा हे सिद्धच होत नाही. सराफाने आज एकाकडून घेतलं, उद्या चार रुपये स्वस्त देणाऱ्याकडून घेतलं, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पोरं धंद्यात येत नाहीत अशी तक्रार हुपरीत आहे, पुण्याच्या पेठांत आहे, नाशकात आहे. ज्या कामावर आपलं नाव लागणार नाही आणि ज्याचं मोल वजनकाट्यावरच ठरणार, त्या कामात शिकल्यासवरल्या मुलाने का यावं?

यावर उपाय अवघड नाही. सहा अक्षरांचा क्रमांक लेसरने कोरता येतो तर त्याच्या नोंदीत घडवणाऱ्या कारखान्याचं, गटाचं, गावाचं नावही घालता येईल. हुपरीच्या कारखानदारांनी एकत्र येऊन आपला स्वतःचा छाप ठरवावा, त्याच्यासोबत खरा टंच ठोकावा, मग तो साठ असो की साडेब्याण्णव. साठ टंचाच्या पैंजणावर ‘साठ’ असं लिहिण्यात कमीपणा नाही. पैंजणाच्या कडीत एवढी जागा निघते. देवस्थानं रथ, मखर, प्रभावळ घडवून घेताना दात्याचं नाव कोरतातच. त्याच पत्र्याच्या एका कोपऱ्यात घडवणाऱ्याचं नाव आणि साल कोरून घ्यावं. पुण्यातल्या एखाद्या संग्रहालयाने हिराप्पा बुचन्नाच्या आणि त्याच्या काळातल्या इतर पुणेरी चांदीच्या वस्तूंचं एक दालन उभारावं. त्या वस्तू ज्या शहराचं नाव अंगावर घेऊन परदेशी फिरतात, त्या शहरात त्या पाहायला मिळाल्या पाहिजेत.

गिऱ्हाइकाच्या हातातही बरंच आहे. घरच्या चांदीची निगा हे त्यातलं पहिलं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तिच्यावर रूप्य-सल्फाइडचा थर बसतो. तो खरखरीत पावडरीने घासून काढला की दरवेळी थोडी चांदीही जाते, आणि उठावाची नक्षी पन्नास वर्षांत सपाट होते. भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर चांदी ठेवावी, खाण्याचा सोडा आणि मीठ टाकून गरम पाणी ओतावं. थरातलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी न झिजता उजळते. मात्र मीना किंवा खडे असलेल्या आणि मुद्दाम काळवलेल्या नक्षीच्या वस्तूंना हा उपाय करू नये.

दुसरं खरेदीचं. या धनत्रयोदशीला मांजरीतून हडपसरला किंवा लक्ष्मी रोडला चांदी घ्यायला जाल, तेव्हा पावतीवर टंच, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. हॉलमार्क असेल तर क्रमांक तिथल्या तिथे मोबाइलवर तपासा. आणि काउंटरवरच्या माणसाला एवढं जरूर विचारा: हे कुणी घडवलं, कुठल्या गावात? पहिल्या वेळी उत्तर मिळणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर सराफ आपल्या पुरवठादाराला विचारेल, आणि पुरवठादाराला हुपरीत जाऊन नाव लिहून आणावं लागेल.